आकाशाशी ओळख : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : खोक्यावर ‘५२५ पट’ लिहिलेली दुर्बीण नातवासाठी घ्यावी का? स्कूटरवर नेता यावी.
– एक आजोबा, धरमपेठ, नागपूर

उत्तर : आजोबा, तो आकडा विसरा. भिंगाचा व्यास बघा. व्यास जितके मिलिमीटर, त्याच्या दुपटीपलीकडे पट वाढवले की चित्र नुसतं मोठं आणि पुसट होतं. ७० मिमीची घ्या, पण तिपाई दणकट हवी. माझी पहिली इतकी लटपटायची की शनी नाचायचा! नाभीय अंतर (भिंगापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) ७०० मिमी आणि आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) २५ मिमीचा असला की ७०० भागिले २५, म्हणजे २८ पट. गुरूचे चार चंद्र मजेत दिसतात. फाइंडर (नेम धरायची वरची छोटी दुर्बीण) दिवसाच लांबच्या पाण्याच्या टाकीवर जुळवा. सूर्याकडे चुकूनही नको. मे महिन्यात गच्ची टाळा, तापलेल्या स्लॅबवरची हवा चित्र थरथरवते. डिसेंबरात अंधाऱ्या आकाशासाठी रामटेककडे निघा. नातवाला कानटोपी घाला.