आखाड तळण्याचा दिवस आणि रात्रपाळीचे पान

चिरंजीव,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. आषाढातला रविवार, बाहेर सरीवर सरी, आजीने आखाड तळायला घेतलेला, आई कापण्या पाडते आहे, धाकटा भाऊ तिखटमिठाच्या पुऱ्या कढईतून निघताच पळवतो आहे, आणि पोळपाटाशेजारी उताण्या ठेवलेल्या तुझ्या मोबाइलवर गाझातील ढिगाऱ्यांची छायाचित्रे एकामागून एक सरकत आहेत. सगळे हसले तेव्हा तूही हसलीस आणि लगेच तुला स्वतःची लाज वाटली, असे तू लिहिले आहेस. वृत्तपत्रात लागून जेमतेम तीन महिने झालेल्या माणसाला सुट्टीच्या दिवशी घरात असे निवांत बसण्याचा अधिकार आहे का, हा तुझा प्रश्न आहे. लाज वाटली यात वावगे काही नाही, पण तिच्या सांगण्यावरून दिवसभर पडद्याला चिकटून राहू नकोस. मी ते करून पाहिले आहे.

मी सव्वीस वर्षे एका मराठी दैनिकात रात्रपाळीला परदेशी बातम्यांचे पान लावले. २६ डिसेंबर २००४ हा रविवार होता आणि माझी साप्ताहिक सुट्टी होती. दुपारी मटार करंज्या व्हायच्या होत्या, म्हणून सकाळी आम्ही सगळे चटईवर शेंगांचा ढीग मधे घेऊन बसलो होतो. तेवढ्यात दूरचित्रवाणीवर सुमात्राजवळच्या भूकंपाची बातमी आली. भारतीय वेळेनुसार साडेसहाच्या सुमारास झालेल्या त्या भूकंपाची तीव्रता पहिल्या अंदाजात ८ धरली गेली होती. पुढे ती ९च्या वर निघाली. मग चेन्नईच्या किनाऱ्यावर पाणी शिरल्याचे कळले आणि मी हातातल्या शेंगा टाकून पडद्यासमोर जाऊन बसलो, तो संध्याकाळपर्यंत उठलो नाही. करंज्यांची बशी शेजारी गार झाली. मुलगी दोनदा काहीतरी विचारायला आली, तिला मी हातानेच गप्प केले. त्या आठ-नऊ तासांत मृतांचा आकडा शेकड्यांतून हजारांत गेला. पण नागपट्टणमला नेमके काय झाले आहे, निकोबारची बेटे कोणत्या अवस्थेत आहेत, यातले मला काहीच समजले नाही, कारण ते अजून कोणालाच धड माहीत नव्हते.

आपल्या कामातली ही गोष्ट कोणी शिकवत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आपत्तीतला पहिला आकडा येतो तो जिथे दूरध्वनी चालू आहे तिथून. ज्या गावाला सर्वांत मोठा फटका बसलेला असतो, तिथला रस्ता, तार आणि कळवणारा माणूस ही तिन्ही गेलेली असतात, त्यामुळे तिथला आकडा सर्वांत शेवटी येतो, आणि सुरुवातीचे तास ज्या गावाचे नावही ऐकू येत नाही त्याचीच काळजी जाणत्या उपसंपादकाला अधिक वाटते. त्या त्सुनामीत चौदा देश मिळून सव्वादोन लाखांहून अधिक माणसे गेली, हे उमगायला कित्येक आठवडे लागले. रविवारभर पडदा पाहून मी सोमवारी रात्री कामावर गेलो तेव्हा डोके इतके शिणलेले होते की, बाहेरगावी जाणाऱ्या, आधी छापल्या जाणाऱ्या डाक आवृत्तीत एकाच पानावर दोन मथळ्यांखाली दोन वेगळे आकडे छापून गेले. चूक सर्वस्वी माझी होती. शहर आवृत्तीत ती दुरुस्त केली ज्या सहकाऱ्याने, त्याने आदला दिवस भाचीच्या साखरपुड्यात घालवला होता!

म्हणून सुट्टीच्या दिवशी सकाळच्या आकाशवाणीच्या बातम्या ऐक, रात्री निजण्यापूर्वी एकदा पाहा आणि मधल्या वेळात फोन पालथा राहू दे. जगात फारच काही उलथापालथ झाली तर कार्यालयातून तुला बोलावणे येईलच. सुट्टीवरच्या माणसाला बोलावण्यात आपली कार्यालये कधी संकोच करत नाहीत.

आणखी एक सवय लावून घे. शंभर बातम्यांवरून नजर फिरवण्याऐवजी एखादी बातमी धरून ठेव, आणि सगळ्यांनी ती सोडल्यावरही सोडू नकोस. २००४ साली प्रशांत महासागरात त्सुनामीचा इशारा देणारी यंत्रणा होती, हिंदी महासागरात नव्हती. भारताची अशी यंत्रणा ऑक्टोबर २००७मध्ये हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्रात सुरू झाली, तेव्हा तिला आमच्या आतल्या पानावर एका स्तंभाची जागा मिळाली, तीही मी भांडून घेतली म्हणून. पुढे ११ एप्रिल २०१२ला सुमात्राजवळच ८.६ तीव्रतेचा भूकंप झाला, इशारा गेला, किनारे रिकामे झाले आणि मोठी लाट काही आली नाही. काहीच झाले नाही, ही बातमी दुसऱ्या दिवशी फार थोड्यांनी वाचली. मी ती दोनदा वाचली.

घर आणि जग ही दोन वेगळी दालने आहेत, असे तुझ्या पत्रात गृहीत धरलेले दिसते. त्या दिवशीच्या कढईतल्या तेलाचेच घे. आपल्या देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून येते. सूर्यफुलाचे तेल बहुतांशी युक्रेन आणि रशियातून येत असे, आणि २४ फेब्रुवारी २०२२ला युद्ध पेटल्यावर काळ्या समुद्रातली बंदरेच बंद पडली. त्यात २८ एप्रिलला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, ती महिन्याच्या आत पुन्हा सुरू केली. त्या वर्षी वाणसामानाची यादी करताना आजीने काय काय कमी केले, ते तिला विचार. तिच्याकडे आकडे असतील, तुझ्याकडे कारणे आहेत, आणि त्या बोलण्यातून जे निघेल ते तू रात्री आठशे शब्दांत लिहिलेस तर मला वाचायला आवडेल. लिहिण्याची घाई मात्र तळण आटोपल्यावर कर.

माझ्या मुलीने त्या रविवारी काय विचारले होते, ते मी पुढे तिला अनेकदा विचारले. तिला आता आठवत नाही.

तुमच्याकडे कापण्यांना खसखस लावतात की तीळ, तेवढे पुढच्या पत्रात कळव. आमच्याकडे यावरून दरवर्षी वाद होतो.

कळावे, हे आशीर्वाद.