काड्या सुकल्या म्हणून ऑर्किड फेकू नका

ताई, पानं गळून काड्या सुकल्या, ऑर्किड मेलं का, असं फोटो टाकून विचारलंत. फोटोतलं तुमचं डेंड्रोबियम बार्बाटुलम मेलेलं नाही. सह्याद्रीतलं हे ऑर्किड पावसाळ्यानंतर पानं गाळतं आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास त्याच उघड्या काड्यांवर पांढऱ्या फुलांचे घोस येतात. काडी बोटांनी हलकेच दाबून बघा: टणक असेल तर जिवंत, पिचपिचीत असेल तर कुजली. सुरकुत्या पडल्यात म्हणून घाबरू नका. थंडीत पाणी जवळपास बंदच ठेवा. फार तर अधूनमधून सकाळी हलका फवारा. दया येऊन रोज पाणी घालणारेच याला मारतात!

कुंडीत माती भरून लावलंय ते मात्र काढा. मुळांना हवा लागते. जूनच्या सुरुवातीला आंब्याच्या खरबरीत फांदीवर सुतळीने घट्ट बांधा, हललं तर नवी मुळं साल धरत नाहीत. पेरू नको, त्याची साल सोलून पडते. सकाळचं कोवळं ऊन मिळेल अशी बाजू निवडा.

आणखी रोपं हवी असतील तर रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्या. घाटातल्या रस्त्यावर विकायला ठेवलेले जुडगे जंगलातून ओरबाडलेले असतात. सीतेची वेणी हे दुसरं ऑर्किड लावायचं असेल तर पुढच्या वर्षी लावा, ती सदाहरित असल्याने तिचं पाण्याचं गणित वेगळं.