मॅम, मी आता हुशार राहिले नाहीये

मी कॉलेजच्या मुलांची काउन्सेलर, आणि जुलै-ऑगस्ट आला की माझ्याकडे हे एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडांनी यायला लागतं. कधी बीएस्सी थर्ड इयर, कधी बायोटेक, कधी इंजिनिअरिंगची मुलं. म्हणणं एकच, शाळेत मी टॉपर होते, आता डोकं चालत नाही, मग हे रिसर्चचं खूळ सोडून गपचूप एखादा डेटा सायन्सचा कोर्स करून नोकरीला लागू का. परवा एका आईनेही मुलीच्या वतीने हेच विचारलं, म्हणून म्हटलं एक केस लिहूनच टाकावी. मुलीला विचारून लिहितेय, नाव आणि बरेच तपशील बदललेत. तिला आपण पूर्वा म्हणू.

पूर्वा सांगलीकडची, वडील झेडपीच्या शाळेत गुरुजी. दहावीला ९७ टक्के, सीईटीला बऱ्यापैकी इंजिनिअरिंग मिळेल एवढा पर्सेंटाइल, आणि तरी हिने फिजिक्स घेतलं, ते पण पुण्यात हॉस्टेलवर राहून. एवढे मार्क आणि बीएस्सी, असं सगळ्या भावकीने गुरुजींना ऐकवून झालेलं. गुरुजी बोलले नाहीत काही पण पोरीला ते माहीत होतं, आणि मुलांना जे माहीत असतं पण घरी बोललं जात नाही ना, ते फार जड असतं.

माझ्याकडे आली ती एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही तो विकार, आपल्याला आहे का हे विचारायला. हल्ली निम्मी मुलं रील बघून निदान घेऊनच येतात, असो. लक्ष लागत नाही, रात्री तीनला झोप, सकाळी अकराला उठणं, लॅबला दांडी, आईचा रोज रात्री फोन आणि त्यावर रोज "मस्त चाललंय". सीजीपीए दहापैकी ८.९. उन्हाळ्याच्या इंटर्नशिपसाठी मोठमोठ्या इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांना ३८ मेल टाकलेले, दोन उत्तरं आली, दोन्ही नकार. बेंचवरच्या मैत्रिणीला मात्र बंगळूरच्या अकादमीची समर फेलोशिप मिळाली आणि तिचे स्टेटस रोज दिसत होते.

मी सरळ विचारलं, जीव द्यावा असं वाटतं का. हे विचारायला घाबरू नये, विचारल्याने डोक्यात खूळ भरत नाही. म्हणाली मरावंसं नाही वाटत, गायब व्हावंसं वाटतं. म्हणून पुढे प्रत्येक वेळी हा प्रश्न परत विचारत राहिले आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर माझ्यासमोरच सेव्ह करायला लावला, तो चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

आणि मग मी चूक केली. अगं ८.९ म्हणजे तू हुशारच आहेस की, असं म्हणून गेले. ती हसली, हो मॅम म्हणाली, आणि पुढच्या आठवड्यात आलीच नाही. इतक्या वर्षांनी पण माझ्या तोंडून हे निघतंच. हुशारीवरून जिची झोप उडालीये तिला परत हुशारीचंच सर्टिफिकेट द्यायचं म्हणजे अजून ओझं, कारण आता मॅमसमोर पण ते टिकवायचं.

दोन आठवड्यांनी आली तेव्हा मी म्हटलं मला तुझा प्रोजेक्ट समजावून सांग, मी कॉमर्सवाली आहे, बावळटासारखे प्रश्न विचारीन. प्रोजेक्ट कॉलेजच्याच सरांनी दिलेला. आकाशगंगेतला हायड्रोजन वायू १४२० मेगाहर्ट्झवर अगदी बारीक रेडिओ सिग्नल देतो, तरंगलांबी २१ सेंटीमीटर, आणि तो म्हणे घरच्या घरी पकडता येतो. पुठ्ठ्याला ॲल्युमिनियम फॉइल चिकटवून भलंमोठं नरसाळं करायचं, त्याला हॉर्न म्हणतात, मागे ॲम्प्लिफायर आणि पेनड्राइव्हएवढा रेडिओ पकडणारा एक डोंगल, तो लॅपटॉपला लावायचा. नारायणगावजवळ खोडदला त्या ४५ मीटरच्या ३० डिश आहेत ना, जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण, तिथे पण हा सिग्नल ऐकतात, ही त्याचीच गच्चीवरची गरीब बहीण. हे सांगताना पोरीचा आवाज पहिल्यांदा वर चढला. मग एकदम खाली आला. मेपासून करतेय, ग्राफवर पीक, म्हणजे सिग्नलचा उंचवटा, येतच नाही, नुसता नॉइज, खरखर. पावसात एकदा पुठ्ठा भिजला, परत केला. सरांना सव्वा महिना भेटलीच नाही, कारण दाखवायला काहीच नाही.

म्हटलं प्रोजेक्टची वही आण. वही बघून मला सगळं कळलं म्हटलं तरी चालेल. सुंदर अक्षर, खाडाखोड नाही, आणि मध्ये मध्ये पानं फाडलेली. विचारलं ही कसली पानं, तर म्हणे चुकलेली.

आता हे तिच्या एकटीचं नाहीये. आपल्याकडे प्रॅक्टिकलचं जर्नल कसं लिहितात सगळ्यांना माहितीये, सिनियरचं जर्नल समोर, उत्तर किती यायला पाहिजे ते माहीत, मग रीडिंग ॲडजस्ट करायची, ग्राफ सरळ रेषेत, सही घ्यायची, झालं. शाळेपासून थर्ड इयरपर्यंत प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुठेतरी मागच्या पानावर छापलेलं असतं. जी मुलं वर्गात पहिली येतात ती त्या मागच्या पानापर्यंत सगळ्यात लवकर पोचणारी असतात, त्यांना अडकून बसायची सवयच नसते, कारण कधी अडकलेलीच नसतात. दुसऱ्या रांगेतला ५५ टक्केवाला लहानपणापासून अडकतोय, त्याला त्यात विशेष काही वाटत नाही. पूर्वाला वीस वर्षांत पहिल्यांदा तीन महिने उत्तर मिळालं नाही आणि तिने त्याचा अर्थ काढला की डोकं संपलं.

मी तिला एक स्वस्त दोनशेपानी वही घ्यायला लावली. अटी तीन, पेननेच लिहायचं, पान फाडायचं नाही, आणि रोज एवढंच की काय करून बघितलं आणि काय झालं. दर गुरुवारी ती वही घेऊन सरांकडे जायचं, पीक असो नसो. या शेवटच्या अटीला रडली ती. "सर काय म्हणतील?" गेली तर सर म्हणाले अरे वा, तीन गोष्टी तर तू बाद केल्यास. आणि त्यांनीच ती गोष्ट सांगितली, जी तिने मला येऊन सांगितली, की १९५१ मध्ये हार्वर्डला युएन आणि पर्सेल या दोन शास्त्रज्ञांनी हा सिग्नल पहिल्यांदा पकडला तेव्हा त्यांचा हॉर्न खिडकीतून बाहेर काढलेला होता, पाऊस आला की पाणी त्यातून लॅबमध्ये यायचं आणि कॉलेजची पोरं त्यात बर्फाचे गोळे मारायची. माझा पुठ्ठा तर एकदाच भिजला मॅम, म्हणाली.

झोपेचं आम्ही वेगळं बघितलं, फार काही नाही, सकाळी आठला मेसचा चहा चुकवायचा नाही एवढं एकच. एडीएचडीची शंका सायकियाट्रिस्टना दाखवून घेतली, त्यांना तसं वाटलं नाही.

पण काळजी सगळीच मनातली नव्हती हे पण सांगते, नाहीतर आम्ही काउन्सेलर लोक सगळंच मनावर ढकलतो. घरी धाकटा भाऊ बारावीला, गुरुजींच्या पगारातून घराचा हप्ता. चौथं वर्ष ऑनर्स करायचं की तीन वर्षांवर डिग्री घेऊन बाहेर पडायचं, हा खरा पैशाचा प्रश्न होता. गुरुजी रविवारी एसटीने आले तेव्हा तिघांनी कागद घेऊन बसलो. नव्या पद्धतीत तीन वर्षांची डिग्री कमीत कमी १२० क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स कमीत कमी १६० ची, रिसर्चसह ऑनर्स हवं तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात, हिचे आत्तापर्यंतचे मार्क त्याच्या वरच होते. तीन वर्षांनी बाहेर पडून एमएस्सी केलं तर दोन वर्षं, चार करून गेलं तर जिथे सोय असेल तिथे एक, म्हणजे बेरीज दोन्हीकडे पाचच. जॅम ही प्रवेश परीक्षा दिली तर तीन वर्षांनंतर आयआयटीत एमएस्सीचा रस्ता आहे, आणि पुढे पीएचडीला जेआरएफ, म्हणजे रिसर्चची फेलोशिप, मिळाली तर महिना ३७ हजार, वर घरभाडं. गुरुजी तो आकडा बघून दोन मिनिटं काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मॅडम, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, मला वाटलं पंचवीस वर्षांची होईस्तोवर मीच घालायचे."

मग पोरीकडे वळून म्हणाले, आणि भावकीचं तू डोक्यात कशाला घेतेस, त्यांना मी बघतो. तेवढ्या एका वाक्यासाठी दोन वर्षं गेली होती.

तिने ठरवलं जॅम द्यायची, झाली तर जायचं, नाही तर त्याच कॉलेजात चौथं वर्ष. डेटा सायन्सचा कोर्स कायमचा सोडलेला नाही, पायथन तर या प्रोजेक्टला पण लागतंच की. ३८ मेलपैकी एक मी वाचला होता, सगळ्यांना तोच मजकूर, आदरणीय सर मला आपल्या कार्यात रस आहे. तो पण बदलला, आता त्यात हॉर्नचा फोटो आणि काय काय जमलं नाही ते चार ओळीत. सहा पाठवले, एका मॅडमचं उत्तर आलं, डिसेंबरमध्ये येऊन बोल.

ऑक्टोबरात एका रात्री साडेअकराला मेसेज, "मॅम पीक आलं!!!!" मी पण उगाच रडले थोडी. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसरा मेसेज, मॅम तो हायड्रोजन नव्हता, लॅपटॉपचा चार्जर होता, हॉर्न जमिनीकडे वळवला तरी पीक तिथेच, हलत पण नाही, चार्जर काढला तर गायब. आणि खाली वहीच्या पानाचा फोटो, पेनने लिहिलेलं, चार्जर बाद, उद्या बॅटरीवर चालवून बघणे.

जॅम फेब्रुवारीत आहे. हॉर्नवर सध्या शेंगांच्या पोत्याचं प्लास्टिक टाकून ठेवलंय, गुरुजींनी गावाहून आणलेलं.