सहीपाशी थांबलेला हात

"मॅडम, कविता लिहायची भीती नाही वाटत. पाठवायची वाटते. स्पर्धा म्हटलं की पोटात गोळाच येतो. काय करू?"

मी समुपदेशक आहे. हा प्रश्न माझ्याकडे दरवर्षी येतो, आणि जानेवारीत जरा जास्त येतो. २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन जवळ आला की वाचनालयं, महाविद्यालयं, महिला मंडळं काव्यस्पर्धा जाहीर करतात. वर्षभर वहीत लिहिणाऱ्या माणसाला तेव्हा वाटतं, आपणही पाठवावी. आणि तिथंच पाय अडतो. उत्तर म्हणून एका ताईंची गोष्ट सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ताई जळगाव जिल्ह्यातल्या. वय ४६, एका पतसंस्थेत रोखपाल. दुपारी काउंटरवर गर्दी ओसरली की खराब झालेल्या भरणा स्लिपांच्या पाठीमागे कविता लिहायच्या. अशी चार-पाच वर्षं गेलेली. त्यांनी फोन पुढे केला आणि स्पर्धांच्या जाहिरातींचे साठवून ठेवलेले फोटो दाखवले. ११ होते. एकाही ठिकाणी कविता गेली नव्हती.

"माझी कविता स्पर्धेच्या लायकीची नाही," त्या म्हणाल्या. मी एक कविता वाचायला मागितली, वाचली, मनापासून आवडली, आणि बोलून गेले, "छान आहे की! पाठवाच." ही माझी चूक होती. पुढच्या आठवड्यात ताई आल्या त्या आणखी खाली मान घालून. कविता पाठवली नव्हतीच, वर आता माझ्या शब्दाला न जागल्याचं ओझंही झालं होतं. कौतुकानं भीती जात नाही. भिणाऱ्याला ते कौतुक खरंच वाटत नाही, आणि वाटलंच तर तेवढं उंच उरायची नवी काळजी लागते. घरची मंडळी, मैत्रिणी हेच करतात आणि प्रेमानं करतात, म्हणून मुद्दाम सांगते आहे.

मग मी त्यांना वेगळं विचारलं. "ताई, शेवटची तारीख उलटली की कसं वाटतं?"

त्या जरा थांबल्या. "खरं सांगू? हायसं वाटतं."

हे हायसं वाटणं फार महागात पडतं. तारीख जवळ येते तशी धडधड वाढते, तारीख टळते, धडधड एकदम थांबते. मन त्यातून एवढंच शिकतं की न पाठवल्यानं सुटका होते. पुढच्या वेळी ते आणखी लवकर माघार घेतं. ताईंनी ११ वेळा हा धडा गिरवला होता. आत्मविश्वास आला की पाठवीन, असं त्या म्हणत होत्या, पण प्रत्येक टळलेल्या तारखेनं तो थोडा थोडा झिजतच होता.

तरीही नेमकी भीती कशाची, हे मला कळलेलं नव्हतं. म्हणून तिसऱ्या भेटीला त्यांना सांगितलं, पाठवू नका, फक्त एका स्पर्धेचा अर्ज भरून आणा.

अर्ज आणला. सुवाच्य अक्षर, नाव, पत्ता, मोबाइल, कवितेचं शीर्षक, ओळी १६. खाली छापलेलं होतं, 'सदर कविता माझी स्वतःची असून ती यापूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेली नाही.' त्याखाली सहीची जागा कोरी. दिवसभरात शेकडो स्लिपांवर सह्या करणारी बाई, तिचा हात इथं थांबला होता.

"इथं सही करताना काय आलं मनात?"

बराच वेळ त्या ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मग नववीतली गोष्ट निघाली. पावसावर कविता लिहून त्यांनी वर्गात वाचून दाखवली होती. शिक्षकांनी सगळ्यांदेखत विचारलं, "कुठून उतरवलीस?" वर्ग हसला. त्या काहीच बोलल्या नाहीत. गप्प बसल्या म्हणजे उतरवलीच असणार, असं ठरलं. त्यानंतर लिहिणं थांबलं ते थेट चाळिशीपर्यंत.

म्हणजे ताईंना हरण्याची भीती नव्हती. आपण खोट्या ठरू, ही होती. दोन्हींवरचे उपाय निराळे आहेत. माझ्याकडे आलेल्या एका निवृत्त गृहस्थांना 'या वयात हे काय' असं कोणी म्हणेल याची धास्ती होती, तर एका कॉलेजातल्या मुलाला पहिलं बक्षीस नाही मिळालं तर कवी व्हायचं स्वप्नच संपेल असं वाटायचं. म्हणून ज्याला हा प्रश्न पडलाय त्यानं आधी एक पूर्ण वाक्य लिहावं, 'मी कविता पाठवली तर असं होईल की...' आणि ते शेवटपर्यंत न्यावं. 'भीती वाटते' एवढ्यावर सोडू नये.

ताईंना मी कच्चे खर्डे आणायला सांगितले. त्या प्लॅस्टिकच्या पिशवीत स्लिपांचा गठ्ठाच घेऊन आल्या. एकाच कवितेचे चार खर्डे, खाडाखोड, बाण, समासात आकडेमोड. टेबलावर ओळीनं मांडले. नक्कल करणाऱ्याकडे एवढी खाडाखोड कुठून येणार? हे मी बोलले नाही, बोलायची गरजही पडली नाही. त्या स्वतःच चारही स्लिपा खाली-वर लावून बघत बसल्या होत्या.

तेव्हा आणखी एक दिसलं. पहिल्या स्लिपेवर होतं,

माय वेचते कापूस
बोटं सोलती बोंडानं

आणि स्वच्छ प्रतीत,

आई वेचते कापूस
बोटे सोलती बोंडाने

अष्टाक्षरी. आठ अक्षरं दोन्हींत बसतात. त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत मला मोजून दाखवलं. मग बदललं का?

"परीक्षक बाहेरचे असतात. त्यांना आपलं बोलणं गावंढळ वाटेल."

"घरी काय म्हणायचात?"

"माय." मग आपणहूनच, "बहिणाबाईंना चालतं मॅडम. मला कसं चालेल?"

आमच्या जिल्ह्यात हे नाव निघणारच. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी, लिहिता-वाचता न येणाऱ्या. १९५१ साली त्या गेल्या आणि १९५२ साली त्यांची गाणी पुस्तकरूपानं आली, ती त्यांच्या बोलीतच. पण नव्यानं लिहिणाऱ्याला मोठ्या कवींचे दाखले द्यायचं मी टाळते. दाखल्यानं धीर येतो त्यापेक्षा दडपण जास्त येतं. शिवाय कविता कुठल्या बोलीत असावी हे ठरवणं समुपदेशकाचं काम नाही. मी फक्त दोन्ही प्रती मोठ्यानं वाचायला सांगितल्या. 'आई' त्यांनी सुरेख वाचलं. 'माय' वाचताना आवाज फुटला. पाण्याचा पेला अर्धा झाल्यावर त्यांनी पेन मागितलं आणि 'आई'वर काट मारली.

पुढचं काम चढत्या पायऱ्यांचं होतं. कविता मला वाचून दाखवणं झालंच होतं. नंतर जाऊबाईंना, मग पतसंस्थेतल्या दोन सहकाऱ्यांना, मग नाव-सहीसकट स्पर्धेला. प्रत्येक पायरीआधी वहीत डावीकडे लिहायचं, काय होईल असं वाटतं. उजवीकडे नंतर लिहायचं, काय झालं. जाऊबाईंच्या बाबतीत डावीकडे होतं, 'म्हणतील, ही तुझी नाहीच.' उजवीकडे आलं, 'रडल्या. म्हणाल्या, आत्याबाईंची बोटं अशीच होती.' सहकाऱ्यांपैकी एकानं नुसतं 'बरी आहे' म्हटलं. तेही तसंच लिहायला लावलं, कारण उजवा रकाना गोड करायचा नसतो.

पहिली स्पर्धा निवडण्यात मात्र आम्ही वेळ घालवला, आणि नव्या कवींनी तो घालवावाच. व्हॉट्सॲप समूहांवर रोज चारोळी-अष्टाक्षरीच्या स्पर्धा असतात, लगेच प्रमाणपत्र येतं. सरावाला ठीक, पण तिथं जवळजवळ प्रत्येकाला काहीतरी मिळतं, त्यानं खरी भूक भागत नाही. 'निवडक कवींचा प्रातिनिधिक संग्रह' म्हणून निवडीनंतर पैसे मागणारेही असतात, तिथं जपून. ताईंसाठी आम्ही वाचनालयाची स्पर्धा धरली. प्रवेश शुल्क नाही, नाव वेगळ्या कागदावर, परीक्षकांकडे फक्त कविता जाणार. ओळींची मर्यादा २०. आणि अट 'अप्रकाशित'ची, म्हणून तोवर कविता फेसबुकवर टाकायची नाही, कारण काही आयोजक तेही प्रसिद्धीच धरतात.

अर्ज त्या स्वतः द्यायला गेल्या. सही आधीच्या रात्री, स्वयंपाकघरात, ओट्यावर कागद ठेवून केली होती. वाचनालयाच्या पायऱ्यांवर इतकी धडधड झाली की परत फिरावंसं वाटलं. मी सांगून ठेवलं होतं, धडधड वाढेल, पळू नका, ती आपोआप उतरते. त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या, आत गेल्या, लिफाफा दिला. स्टँडपर्यंत चालत येईतो छाती शांत झाली होती. धडधड सोसून थांबलं तर ती उतरते, हे त्यांच्या शरीरानं त्या दिवशी पहिल्यांदा अनुभवलं. (ज्यांची धडधड कवितेपुरती नसते, चारचौघांत जेवणं, फोन उचलणंही अवघड होऊन बसतं, किंवा झोप आठवडेच्या आठवडे उडते, त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटावं. त्यावर चांगले उपचार आहेत.)

निकालाला तीन आठवडे होते. त्या काळासाठी एकच नियम केला, पाठवलेली कविता पुन्हा उघडायची नाही, नवी सुरू करायची. पाठवलेल्या कवितेत रोज एक चूक सापडते आणि माणूस स्वतःला सोलून काढतो.

बक्षीस मिळालं नाही. तीन क्रमांक, दोन उत्तेजनार्थ, कुठंच नाव नव्हतं. त्या रात्री त्या रडल्या, आणि मी म्हटलं, रडू येणारच, चार वर्षांची वाट होती ती. वहीत मात्र डावीकडे जे लिहिलं होतं, 'कोणीतरी विचारेल, कुठून उतरवलीस', त्यासमोर उजवीकडे काय लिहावं हे त्यांना सुचेना.

ते कार्यक्रमानंतर सुचलं. सहभागी सगळ्यांनी कविता वाचायची, असं वाचनालयानं ठेवलं होतं. ताई सोळाव्या होत्या. कागद थरथरत होता म्हणून त्यांनी तो टेबलावर ठेवला आणि बघून वाचला. खाली उतरल्यावर मागच्या रांगेतल्या एक म्हाताऱ्या आजी काठी टेकत आल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुझी माय कोनत्या गावची?"

"मी गाव सांगितलं," ताई मला सांगत होत्या. "मग आम्ही दोघी कापसावरच बोलत बसलो. माझी बस चुकली." त्यांनी पिशवीतून वही काढली, उजव्या रकान्यात गावाचं नाव लिहिलं, आणि वहीत घडी करून ठेवलेला दुसऱ्या स्पर्धेचा अर्ज मला दाखवला. सही झालेली होती, ओळींचा आकडा तेवढा भरायचा राहिला होता.