पिसाळलेली गाय की कापरं भरलेली?

प्रश्न दोन आहेत. 'मॅड काऊ डिसीज'ला 'पिसाळलेल्या गायीचा रोग' म्हणावं का? आणि तो रोग ज्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, त्याचं नाव 'प्रायॉन' लिहायचं की 'प्रिऑन'?

पहिल्याचं उत्तर सरळ 'नको' असं आहे. पिसाळलेलं जनावर म्हटलं की मराठी माणसाला रेबीज आणि चावा आठवतो. इथे चाव्याचा काडीचा संबंध नाही. ब्रिटनमध्ये १९८६ साली हा रोग ओळखला गेला. गायी उगाच दचकायच्या, धार काढताना लाथा झाडायच्या, मग मागचे पाय लटपटून बसकण मारायच्या. रोग पसरला तो खाद्यातून, मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांची भुकटी त्यात मिसळल्यामुळे. कुणी कुणाला चावलं नव्हतं. 'वेडी गाय' हे त्यातल्या त्यात बरं, पण तेही मथळ्यातच शोभणारं.

गंमत म्हणजे अशाच प्रथिनामुळे होणाऱ्या, या घराण्यातल्या जुन्या रोगांची नावं जनावराकडे नीट बघून पडलेली आहेत. मेंढ्यांना होतो तो 'स्क्रेपी': खाज सुटलेली मेंढी लोकर निघेपर्यंत कुंपणाला अंग घासते, म्हणून. फ्रेंचांना तिची थरथर दिसली, त्यांनी 'त्रांब्लांत' म्हटलं. जर्मनांना दिसली तिची दुडकी चाल, म्हणून 'ट्राबर'. पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमध्ये माणसांना झालेला 'कुरू', त्याचाही अर्थ थरथरणंच. आपल्याकडेही लाळेवरून 'लाळ्या' झालाच की! त्या चालीवर मी 'कापऱ्या' सुचवीन. रुळेल की नाही, ते बोलणारे ठरवतील.

आता 'प्रिऑन'. हा शब्द अमेरिकी शास्त्रज्ञ स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ साली 'प्रथिन' आणि 'संसर्गजन्य' या अर्थांचे इंग्रजी शब्द जोडून घडवला. अक्षरं ओळीने घेतली तर 'प्रोइन' व्हायला हवं होतं, पण कानाला बरं म्हणून त्यांनी स्वर उलटवले. उच्चार त्यांनीच सांगितलाय, 'प्री-ऑन'. तेव्हा 'प्रिऑन' लिहा. 'प्रायॉन' नावाचा एक समुद्रपक्षी आहे. ते नाव 'करवत' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, त्याच्या दातेरी चोचीमुळे आलं.

आणि कृपा करून प्रिऑनला विषाणू म्हणू नका. त्यात ना डीएनए, ना आरएनए. ते घडी चुकलेलं प्रथिन आहे, शेजारच्या चांगल्या प्रथिनाचीही घडी बिघडवणारं. 'ते' लिहिलं खरं, पण ते प्रथिनामुळे; नुसता प्रिऑन मी 'तो'च म्हणतो, इलेक्ट्रॉनसारखा.