सीटीएक्स कमी आला म्हणून हाडांना क्लीन चिट देऊ नकोस

तुझी पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. वयाने बरीच मोठी आहे, म्हणून अगंतुगं करते, राग मानू नकोस. तू लिहिलंस ते थोडक्यात असं: वय २३, पोलीस भरतीची तयारी, ८०० मीटरच्या सरावात नडगी दुखायला लागली, एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे वारंवारच्या ताणाने पडलेला बारीक तडा, निघालं. रक्तातला सीटीएक्स (हाडांची झीज किती होतेय हे दाखवणारा आकडा) कमी आला, म्हणून "हाडांची झीज होत नाहीये, आराम कर" असं सांगितलं गेलं. त्यात ॲकॅडमीतलं कुणीतरी म्हणालं की साखर पोटात गेली की आतड्यातून हार्मोन सुटतं आणि हाडांची झीज थांबते, तेव्हा ग्लुकोजचं पाणी पीत जा. आणि दुखणं काही जात नाही.

मी डॉक्टर नाही. माझ्या पायाचं हाड विशीतच दोनदा गेलं, त्यातून जे वाचलं, विचारलं, तेवढंच सांगते. औषधाचं काहीही तुझ्या डॉक्टरांना विचारूनच कर.

आधी मला हे सांग: रक्त किती वाजता दिलंस आणि त्याआधी पोटात काय गेलं होतं?

हाडाचं जुनं बांधकाम पाडताना जो तुकडा रक्तात येतो तो सीटीएक्स. हा आकडा दिवसभर सारखा नसतो. पहाटे सर्वांत वर असतो, दुपारी तळाला जातो. आणि खाल्लं की, विशेषतः ग्लुकोज प्यायलं की, दोनेक तासांत जवळजवळ निम्म्यावर येतो. तीच साखर शिरेतून दिली तर इतका उतरत नाही. म्हणजे रक्तातल्या साखरेपेक्षा आतड्याचा हात यात मोठा. लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी साखर आणि स्निग्ध पदार्थ पोचले की जीआयपी नावाचं हार्मोन सोडतात. ते इन्सुलिन वाढवतं हे जुनं ज्ञान. पण हाड खाणाऱ्या पेशींवरही त्याचा ब्रेक लागतो. कोपनहेगनच्या संशोधकांनी माणसांना जीआयपी टोचून सीटीएक्स खाली आलेला दाखवला, आणि उलट जीआयपीचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवर ते जिथे चिकटतं ती जागा, अडवून जेवणानंतरची ही घसरण कमी झालेलीही दाखवली.

तेव्हा ॲकॅडमीतला माणूस अर्धं खरं बोलला. ब्रेक लागतो, पण काही तासांपुरता. रात्रभर उपाशी राहिलं की तो सुटतो. हाडाचा हा रोजचा चढउतार आहे, हाड मजबूत झाल्याचा पुरावा नाही. तुझं रक्त जर नाश्त्यानंतर, चहानंतर किंवा ग्लुकोजच्या पाण्यानंतर काढलं असेल, तर तो रिपोर्ट तुझ्या हाडांबद्दल नाही, तुझ्या नाश्त्याबद्दल बोलतोय.

आता माझं. ट्रेकवरून परतताना पाऊल सुजलं, पावलाच्या लांब हाडाला तडा निघाला. डॉक्टरांनी इतर तपासण्यांबरोबर सीटीएक्स लिहिला. लॅबला फोन करून विचारलं, उपाशी लागतं का? उत्तर आलं, "शुगरची टेस्ट नाहीये ना मॅडम, मग काही गरज नाही." घरी रक्त न्यायला येणारा मुलगा सकाळी येणार होता, तो आला दुपारी दीडला. तोवर पोहे झाले होते, दोनदा गोड चहा झाला होता, आणि उकाड्यात ग्लासभर उसाचा रस. रिपोर्ट आला खालच्या मर्यादेला टेकलेला. डॉक्टर म्हणाले, टर्नओव्हर (हाडाची मोडतोड आणि नवी बांधणी) शांत आहे, बूट बदला, वजन सांभाळा. पुढचा तपास तिथेच थांबला.

काही महिन्यांनी दुसऱ्या पायाचं तेच हाड गेलं. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जुना कागद हातात घेतला आणि वरच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे तीन वेळा छापलेल्या असतात: नमुना घेतला, नमुना मिळाला, रिपोर्ट दिला. माझ्या कागदावर 'नमुना घेतला' समोर सकाळी आठची वेळ होती! दीड वाजता काढलेल्या रक्तावर सकाळची वेळ. पहिल्या डॉक्टरांनी ती वेळ बघूनच विश्वास ठेवला असणार, त्यांचा दोष कसा काढू? लॅबकडे तक्रार केली तर म्हणे बुकिंगची वेळ आपोआप पडते, सिस्टीममध्ये बदलता येत नाही. मग ती छापता कशाला? मेल केले, काउंटरवर उभी राहिले, मॅनेजर जेवायला गेलेत, उद्या या. दुरुस्त रिपोर्ट आजतागायत मिळाला नाही. मला अजूनही याचा संताप येतो, कारण एका चुकीच्या वेळेपायी माझा दुसरा पाय गेला असं मी मानते.

नंतर सकाळी, रात्रभर उपाशी राहून पुन्हा रक्त दिलं. सीटीएक्स बराच वर. हाड मोडल्यावरही हा आकडा काही महिने चढलेला राहू शकतो, म्हणून नव्या डॉक्टरांनी एकट्या त्यावर काही ठरवलं नाही. पण त्याच खेपेला ड जीवनसत्त्व अगदी तळाला आणि पॅराथायरॉइडचं हार्मोन, पीटीएच, वाढलेलं निघालं. कॅल्शियम कमी पडलं की पीटीएच ते हाडातून काढून रक्तात आणतं. खरं दुखणं हे होतं, आणि ते साध्या तपासणीत आधीच सापडलं असतं.

म्हणून माझं ठाम मत: तुझ्या वयात सीटीएक्स ही पहिली तपासणीच नव्हे. आधी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, पीटीएच, हिमोग्लोबिन, थायरॉइड या तपासण्यांबद्दल डॉक्टरांना विचार. पाळी चुकतेय का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी तू सांग. पळणं वाढलं, खाणं तेवढंच राहिलं आणि पाळी लांबली, तर हाडाला इस्ट्रोजेन कमी पडतं, आणि ते कुठल्याच पावडरने भरून निघत नाही. पोट सतत बिघडत असेल, रक्त वाढत नसेल, तर सीलिएकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे आतडं बिघडण्याच्या आजाराची) टीटीजी ही रक्ततपासणी करायची का, तेही विचार. पण ती होईपर्यंत पोळी बंद करू नकोस, नाहीतर तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असशील तर लॅबला आणि डॉक्टरांना आधी सांग. काही मशीनवर त्यांच्यामुळे सीटीएक्स आणि पीटीएच दोन्ही खोटे कमी दिसतात. आणि शिबिरातल्या टाचेच्या मशीनवर 'ऑस्टिओपोरोसिस' (हाडं ठिसूळ होण्याचा आजार) छापून आलं तरी घाबरू नकोस. तुझ्या वयात डेक्सा (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) करून झेड-स्कोअर, म्हणजे तुझ्याच वयाच्या बायकांशी तुलना, बघतात; टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना, नाही.

आता साखर. तासाभराच्या सरावात ग्लुकोजचं पाणी प्यालीस म्हणून हाडं विरघळणार नाहीत, भीती घालायची नाहीये. पण हाडांसाठी म्हणून पिऊ नकोस. साखरेचा मोठा डोस घेतला की पुढचे काही तास लघवीतून कॅल्शियम जास्त जातं, हे कित्येक दशकांपूर्वी मोजून झालंय. शिवाय घरची साखर म्हणजे निम्मं फ्रुक्टोज, आणि फ्रुक्टोजने जीआयपी फारसं हलत नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या २००६ च्या अभ्यासात रोज कोला पिणाऱ्या बायकांच्या खुब्याच्या हाडाची घनता कमी दिसली. त्या तुझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या होत्या आणि त्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण मी तेव्हापासून कोला सोडला तो सोडला. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर शक्यतो दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास ठेवा म्हणते. दोन चमचे साखरेचे तीन चहा झाले की ती संपते.

माझ्या मते खरं नुकसान खाण्याच्या अदलाबदलीत होतं. हॉस्टेलवर दुधाची जागा चहा घेतो, भाकरीची जागा बिस्किटाचा पुडा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशोबाने तुला रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० मिली दुधात साधारण १२० मिळतं, १०० ग्रॅम नाचणीत ३५० च्या आसपास. बिस्किटात काय मिळणार? तिशीच्या आत हाडाची जी पुंजी बांधली जाते ती पुढे आयुष्यभर पुरवायची असते, आणि तुझ्याकडे अजून वर्षं आहेत. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पाकिटं मात्र मनाने महिनोन्‌महिने घेऊ नकोस, जास्त झालं तरी त्रास आहे.

पुन्हा रक्त देशील तेव्हा सकाळी आठ-नऊच्या आत, रात्रीपासून फक्त पाणी. नळीवर वेळ लिहिताना बघ आणि रिपोर्टवर तीच छापली आहे का ते तपासून मगच डॉक्टरांकडे जा. एमआरआयच्या कागदावर तडा नडगीच्या पुढच्या बाजूला लिहिलाय का तेही बघ. तसं असेल तर तो हट्टी प्रकार असतो, पूर्ण मोडण्याची भीती जास्त, त्यामुळे मैदानी चाचणीची तारीख कितीही जवळ असली तरी ऑर्थोने सांगितल्याशिवाय पळायला उतरू नकोस.