हाल्ब आख्ट म्हणजे साडेसात!

प्रश्न: ताई, जून 2024 ला युरो फुटबॉल स्पर्धा बघायला आम्ही तिघं मित्र जर्मनीला चाललोय, डॉर्टमुंड आणि कोलोनच्या मॅचेसची तिकिटं मिळालीत. हातात जेमतेम दोन महिने आहेत. ॲपवर जर्मन चालू केलंय पण तीन आठवडे झाले तरी 'सफरचंद लाल आहे'च्या पुढे गाडी जात नाही आणि प्रत्येक नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणारे ते डेअर, डी, डास बघून डोकं फिरतं. एक मित्र म्हणतो तिकडे सगळ्यांना इंग्लिश येतं, कशाला मरायचं. खरंच शिकायची गरज आहे का?

उत्तर: मित्राचं निम्मं खरंय. हॉटेलात, स्टेडियमच्या गेटवर इंग्लिशवर आरामात भागेल. पण 9 ची मॅच संपून रात्री स्टेशनवर आलात आणि स्पीकरवर घाईघाईत काहीतरी बोलून सगळा प्लॅटफॉर्म पलीकडे पळायला लागला की मग काय करणार? म्हणून माझं म्हणणं, बोलायचं नंतर बघा, आधी ऐकायला शिका. ग्लाइस म्हणजे प्लॅटफॉर्म, फेरश्पेटुंग म्हणजे लेट, फेल्ट आउस म्हणजे गाडी रद्द, आणि आकडे. आकडे तर झोपेत पण कळले पाहिजेत.

आणि इथे आपण मराठीवाले फायद्यात आहोत, फक्त ते ॲप इंग्लिशमधून शिकवतं म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. जर्मनमध्ये 45 म्हणताना आधी पाच मग चाळीस, फ्युन्फ-उंड-फिअर्त्सिग. इंग्लिशच्या सवयीने ऐकणारा हमखास 54 लिहितो. अहो पण आपलं पंचेचाळीस तरी दुसरं काय आहे? तेच की! उलट एकोणतीस, एकोणचाळीस असली भानगड तिकडे नाहीच, सरळ नऊ आणि वीस. एकच लक्षात ठेवा, दोनला त्स्वाय म्हणतात पण तो तीनच्या द्रायसारखा ऐकू येतो म्हणून फोनवर किंवा अनाउन्समेंटमध्ये बरेचदा 'त्स्वो' म्हणतात, तो दोनच.

वेळेचं तर विचारूच नका. 2006 च्या वर्ल्डकपला गेले होते तेव्हा तिथल्या एका मैत्रिणीने 'हाल्ब आख्ट'ला भेटू म्हणून सांगितलं. आख्ट म्हणजे आठ, हाल्ब म्हणजे अर्धा, म्हणून मी शहाणी साडेआठला पोचले, आणि ती बिचारी साडेसातपासून उभी! हाल्ब आख्ट म्हणजे आठवा तास अर्धा झालाय, म्हणजे साडेसात. तेव्हा वैतागले होते, नंतर कळलं की आपलं अडीच पण असंच आहे, अर्धतृतीय, तिसरा अर्धा. तेव्हापासून कधी चुकले नाही.

डेअर-डी-डासचं टेन्शन सोडा. ते तो-ती-ते आहे, आपल्याकडेही तीनच लिंगं आहेत ना. फक्त वाटण्या वेगळ्या, तिकडे सूर्य 'ती' आणि मुलगी चक्क 'ते'. चुकलं तरी समोरच्याला कळतं, दोन महिन्यांत त्यात घुसूच नका. तू-तुम्ही मात्र पाळा. पोलीस, वेटर, तिकीट चेकर यांना 'झी', शेजारी बिअर घेऊन उभा असलेला फॅन 'डू'.

बोलायला आठ-दहा वाक्यं खूप झाली. इश हेट्टं गेर्न म्हणजे मला अमुक हवं होतं, आणि नॉख आइनमाल लांग्झाम बिट्टं, म्हणजे परत एकदा सावकाश सांगा, हे सगळ्यात कामाचं. बिल देताना नोट पुढे करून लगेच डांकं, म्हणजे थँक्यू, म्हणू नका हं, त्याचा अर्थ उरलेले ठेवा असा पण घेतात, सुट्टे हातात पडले की मग म्हणा.

वाचताना W चा व, V चा बहुतेक वेळा फ, Z चा त्स, एवढं पुरे. आणि हो, स्टेशनच्या पाटीवर कोलोन शोधत बसू नका, तिथे क्योल्न लिहिलेलं असतं, तसंच म्युनिकचं म्युन्शेन.

फुटबॉलचे शब्द मुद्दाम पाठ करायची गरज नाही. टोअर म्हणजे गोल, पेनल्टी 11 मीटरवरून मारतात म्हणून तिचं नावच एल्फमेटर. आणि आप्झाइट्स म्हणजे ऑफसाइड, तो तर पहिल्या दहा मिनिटांतच मागचा माणूस तुमच्या कानात ओरडून पाठ करून घेईल.